हातावरचा रस्सा

३ नोव्हेंबर, सोमवार

ही वही मयुरा मॅडमनं लिहायले लावली. धंतोलीत पोटाचे डॉक्टर आहेत, त्यांच्या बाजूच्या खोलीत काय खावं न काय नाही ते सांगायले ही पोरगी बसते. असंल सव्वीस-सत्तावीसची. म्हणे, काका, रोज काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, जळजळ कधी झाली, सगळं लिहून आणा. शाळा सुटल्यापासून किराण्याच्या यादीशिवाय मी काही लिहिलं नाही. पण आणतो म्हटलं.

तं लिहितो. मी हेमराज नत्थूजी धकाते, वय चोपन्न. इतवारीच्या मागं, कोष्टीपुऱ्याच्या तोंडाशी आमची सावजी खानावळ आहे. ज्या खोलीत आता लोकं जेवतात तिथं पयले बाबाचा माग होता. माग बंद पडला, मागाच्या खड्ड्यावर फरशी बसवली, न फरशीवर चूल आली. मी तेव्हा शाळेत होतो.

आजचं खाणं: पाचले उठलो. चहा नाही, पाणी नाही. साडेदहाले हातावर रस्सा, तीनदा. अकराले जळजळ. सव्वाअकराले खायचा सोडा. साडेतीनले जेवण. चारले जळजळ. पाचले थंड दूध. सहाले पुन्हा जळजळ, न तोंडात आंबट पाणी.

मॅडमनं विचारलं, सकाळपासून उपाशी काहून राहता, न मग एकदम रस्सा काहून खाता? तिले समजावता समजावता माझाच दम निघाला. आमच्या घरची रीत आहे. रश्शाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, चुलीवरून उतरवायच्या आधी घरच्या कर्त्या माणसानं तो हातावर घ्यायचा. डाव्या तळहाताची खळगी करायची, पळीनं उकळता रस्सा त्यात घ्यायचा, फुंकर मारायची नाही, चाटायचा. मग सांगायचं, मीठ पायजे का तिखट पायजे. सगळं बरोबर असलं की म्हणायचं, उतरव. तो शब्द निघाल्याशिवाय गंज उतरत नाही न एक ताट वाढलं जात नाही. न हे सगळं उपाशीपोटी. बाबा म्हणत, घोटभर चहा जरी गेला तरी जीभ आळशी होते. बायांनी त्याआधी चाखायचं नाही, ही पण रीत. रांधायचं त्यांनी, चाखायचं आम्ही. बाबा गेल्यापासून एकवीस वर्षं मी चाखून राहिलो.

मॅडमनं पेन खाली ठेवला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज दुर्बीण टाकली. घशात कडू फवारा मारला न कुशीवर झोपवलं. समोर पडदा होता. डोळे मिटले तरी चालंल म्हणे डॉक्टर, पण मी पाहिलं. गुलाबी, ओल्या भिंती, न त्यातून एक दिवा पुढं पुढं चाललेला. कोणीतरी कंदील घेऊन आपल्या घरात शिरावं न आपण दारातून पाहावं, तसं वाटत होतं. भेव वाटायले पायजे होतं, पण मी त्या दिव्यामागं कुठं तरी लांब गेलतो. एकवीस वर्षं ज्या घराले रोज चटके देऊन राहिलो, ते घर कसं दिसते ते आज पाहिलं.

भिंतीवर लाल चट्टे होते. डॉक्टरनं कणभर तुकडा काढून तपासायले पाठवला.

बाहेर भारती बसली होती. भारती माझी बायको. लग्न होऊन आली तेव्हापासून खानावळीचा रस्सा तीच रांधते. तिनं पाण्याची बाटली पुढं केली. ऑटोत मी तिले म्हटलं, बाबा पोटानंच गेले. ती म्हणे, बाबा बहात्तर वर्षांचे होते. तरी भेव लागून आहे. खोटं काहून लिहू? तुकडा काहून तपासतात ते मले समजते.

खाणं: दुपारी मऊ भात न मुगाचं वरण. संध्याकाळी खिचडी. जळजळ दोनदा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

रिपोर्ट आला. तसलं काही नाही. दवाखान्याच्या जिन्यात मी दोन मिनिटं बसून राहिलो. भारती पर्स मांडीवर घेऊन बाजूले बसली. येणारे-जाणारे आमच्या अंगावरून जात होते न आम्ही आपले बसलो.

सूज आहे, न पोटात घर करून राहणारा एक जंतू आहे. त्याच्यावर चौदा दिवसांच्या गोळ्या, एकही चुकवायची नाही. डिसेंबरच्या शेवटी पुन्हा तपासायचं.

मयुरा मॅडमनं कागद दिला. उठल्यावर गोळी, अर्ध्या तासानं नाश्ता. उपाशी राहायचं नाही, थोडं थोडं चार-पाच वेळा खायचं. संध्याकाळचं जेवण सातच्या आत. जेवून तीन तास आडवं व्हायचं नाही, दुपारी पण नाही. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. चहा एक कप. खायचा सोडा बंद. दुखण्याच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाही. संत्रं सध्या नाही. नागपुरात राहून नोव्हेंबरात संत्रं नाही! बरं, ती पोरगी पण इथलीच. न सगळ्यात खाली, लाल पेनानं लिहिलं: तपासणी होईपर्यंत हातावर रस्सा बंद.

मी म्हटलं, बाई, पुढच्या महिन्यात अधिवेशन आहे. त्या दिवसांत अर्धी मुंबई नागपुरात उतरते न प्रत्येकाले एकदा तरी सावजी खायचं असते. आमचं सालभराचं नाव तेव्हाच होते, नाही तं तेव्हाच जाते. मी नाही चाखलं तं कोण चाखंल? पोरगा रोहित पुण्याले कंपनीत आहे, न त्याले वरणात मीठ नसलं तरी समजत नाही. मॅडम म्हणे, घरी दुसरं कोणी नाही का? मी म्हटलं, नाही. भारती बाजूले बसून तो कागद वाचत होती.

खरं सांगू का, जळजळीपेक्षा मले हीच गोष्ट जास्त जाळून राहिली. चाखणं सोडलं तं मी त्या खानावळीत कोण? टेबल पुसणारा?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

उपाय सापडला. जीभ बंद तं बंद, नाक तं आहे ना आपल्याजवळ.

सकाळी सातले गोळी घेतली, साडेसातले दलिया खाल्ला. एकवीस वर्षांत पयल्यांदा सकाळी पोटात काही गेलं. अंगणात खुर्चीवर बसलो होतो. ऊन भिंतीवरून हळूहळू खाली उतरत होतं न मी चमच्या-चमच्यानं खात होतो. सकाळ एवढी लांब असते हे मले माहीतच नव्हतं. कुठं कोणाच्या घरी कुकरची शिट्टी झाली, कोणी पोराले शाळेसाठी हाका मारून राहिलं होतं. मी बसून राहिलो.

साडेदहाले खुर्ची चुलीपासून चार हात लांब ठेवली. भारतीनं झाकण काढलं. वाफ आली. मी डोळे मिटून ओढून घेतली न म्हटलं, मूठभर तिखट कमी आहे. तिनं डब्यात हात घातला, मूठ गंजावर नेली, वाफेत उघडली न पळी फिरवली. मग पाठ करून उभी राहिली, गंजापुढं तिले काय काय पाहायचं असते ते पाहत. मी विचारलं, झालं का वं? ती म्हणे, झालं. मी म्हटलं, उतरव.

एक लिहून ठेवतो. तिच्या हाताले बरकत आहे. आईच्या वेळेस तिखटाचा डबा आठ दिवसांत खाली व्हायचा. मी तं बाबापेक्षा तिखट जास्त टाकायले लावतो, कारण लोकांच्या जिभा आता जड झाल्या. तरी भारतीच्या हातात तोच डबा पंधरा दिवस जाते. मी पाहुण्यांले पण सांगत असतो.

जळजळ: एकदा, कमी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तोंडात लोखंड आहे. दलिया लोखंडी, पाणी लोखंडी, वरण लोखंडी. मयुरा मॅडमले फोन केला तं म्हणे, गोळ्यांनी होते काका, कोर्स संपला की जाईल. न नाही गेलं तं? ज्याची जीभच त्याचा धंदा, त्याच्या जिभेचं कसं होईल ते तिच्या पुस्तकात लिहिलं आहे का?

दुपारी आडवं व्हायचं नाही म्हणून भिंतीले टेकून खुर्चीत बसतो. झोप नाही, जाग पण नाही, मधलंच काही तरी होते. आज फरशीखालून माग ऐकू आला. खटक-खटक, खटक-खटक. धोटा इकडून तिकडं जाऊन राहिला होता. बाबा खड्ड्यात पाय सोडून बसले होते न पाटोडीच्या, बेसनवडीच्या, रंगाचं सूत होतं. मी विचारलं, बाबा, लुगडं कोणाचं? ते म्हणे, बोलू नको, धागा तुटते. डोळे उघडले तं भारती भांडी लावत होती. मी तिले विचारलं, आवाज आला का? तिनं थोडं ऐकल्यासारखं केलं न म्हणे, तुम्ही ऐका, मी कामात आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

रागात लिहून राहिलो.

आज भारती सांभाराच्या जुड्या न कांदे आणायले बाजारात गेलती. गंज चुलीवर होता. मी एकटा. मनाशी म्हटलं, एक थेंब. जीभ आहे का गेली, तेवढं तं समजंल. घेतला हातावर. चाटला.

काहीच नाही. नुसतं गरम लोखंड. ना तिखट, ना मीठ, ना खसखस, ना दगडफूल. माझ्या पायाखालची फरशी हलली. मले वाटलं रस्साच फसला, भारतीचा अंदाज चुकला. मी डबा उघडला न तीन मुठी तिखट टाकलं. स्वतःच्या हातानं. वरून मीठ.

बारा वाजता मार्तंडजी आले. पोस्टातून रिटायर झाले, बायको गेल्यापासून दर रविवारी न बुधवारी आमच्याच इथं जेवतात, बाबाच्या वेळपासूनचे. दोन घास खाल्ले न ताट सरकवलं. डोळ्यातून पाणी. नुसते मठ्ठा पेत राहिले. मागच्या टेबलावरची चार माणसं पण उठली. भारती आली, पळी वर उचलून तिनं रंग पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. अर्धा रस्सा बाजूले काढला, ज्वारीचं पीठ भाजलं, नवं पाणी चढवलं, तासाभरात काय केलं तिलेच माहीत. दीड वाजता लोकं पुन्हा जेवत होती.

मी सगळ्यांले सांगितलं, यंदाची मिरचीच जहाल आली.

जळजळ: दोनपासून सहापर्यंत. जसं पोटात कोणी शेगडी ठेवली. कोणाले सांगितलं नाही. इथं लिहिलं, कारण मॅडम म्हणे खरं लिहा.

२६ नोव्हेंबर, बुधवार

गोळ्यांचा कोर्स काल संपला. आता फक्त सकाळची एक.

मार्तंडजी येतील का नाही हे पाहत सकाळपासून दारात होतो. आले. पूर्ण जेवले. मी त्यांच्यापुढं उभा होतो, हात धुता धुता म्हणाले, "हेमराज, नत्थूजीची चव आली गा आज." आजारी माणसाचं मन राखून राहिले बिचारे. पण बरं वाटलं. खोटं असलं तरी बरं वाटलं.

भारतीच्या डाव्या तळहातावर लाल डाग आहे, रुपयाएवढा. मी विचारलं तं म्हणे, तव्याले लागला. उजव्या हातानं भाकरी टाकणाऱ्या बाईले डाव्या हाताले तवा कसा लागते? मी म्हटलं, सांभाळून करत जा.

२ डिसेंबर, मंगळवार

लोखंड गेलं! सकाळी दलियात वेलदोडा लागला. एवढासा वेलदोडा, न मी चमचा तोंडात धरून बसलो. डोळे भरून आले, काय लपवू. मग लवकीची, तुमच्या दुधीची, भाजी खाल्ली तं लवकी गोड असते हे समजलं. चोपन्नाव्या वर्षी लवकी गोड लागली मले. भारतीले सांगितलं. ती म्हणे, मी कधीची सांगून राहिली तुम्हाले.

विटांवरच्या पलंगाची सवय झाली. पयले वाटायचं सरकत सरकत पायथ्याशी जाईन. आता वाटते बैलगाडीत बसून हळूहळू चढ चढून राहिलो. पहाटे जाग येते तेव्हा घसा कोरडा नसते. किती वर्षांनी.

खाणं: नियमात. जळजळ: नाही. हा शब्द लिहायले मस्त वाटते. नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

अधिवेशनाची गर्दी काही विचारू नका. आज गल्लीत पाच गाड्या लागल्या. पांढऱ्या शर्टाची मुंबईची माणसं घाम पुसत, नाक ओढत जेवून राहिली न आणखी मागून राहिली. पाटोडी रस्सा दोनले संपला. एकानं माझा हात हातात घेतला न म्हणे, काका, मागच्या वर्षी आलो होतो तेव्हा नुसतं तिखट लागलं, यंदा चव लागली.

मी नाकाले हात लावून म्हटलं, हे सगळं यानं चालते. बाबाची जीभ होती, माझं नाक आहे. भारती वाढता वाढता थांबली, न तिले हसू आलं. तिले हसताना पाहिलं की मले अजून पण काही तरी होते. ते मॅडमनं विचारलेल्या रकान्यात बसत नाही.

रोज तोच कार्यक्रम. मी वाफ घेतो, सांगतो. ती मूठ टाकते, पाठ करून उभी राहते, म्हणते झालं. मी म्हणतो उतरव. एकाही दिवशी चव चुकली नाही. मले आता कधी कधी वाटते, जिभेची गरजच काय होती.

पण गरज आहे. खुर्चीत बसून नाकानं चालवणं न हातावर घेणं, यात फरक आहे. हातावर घेतलं की लोकं थांबून पाहत. मले ते पायजे. लिहूनच टाकलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी खुर्चीत पुन्हा तसंच झालं. माग चालू होता पण बाबा नव्हते. ताणलेल्या सुताच्या मागं आई उभी होती. मैनाबाई, माझी आई, बाबाच्या दोन वर्षं आधी गेली. सुतातून ऊन गाळून येत होतं न तिच्या अंगावर रेघा पडल्या होत्या. तिच्या हातात पळी होती. तिनं तळहाताची खळगी केली, हळदीनं पिवळीधम्मक, न तोंडाजवळ नेली. मले पाहिलं. मी लहान होतो, दारात उभा. तिनं दुसऱ्या हाताचं बोट ओठावर ठेवलं.

जाग आली तेव्हा तोंडाले पाणी सुटलं होतं. गोळी बंद केली म्हणून असे भास होतात का, मॅडमले विचारायचं.

संध्याकाळी भारतीले विचारलं, आई रस्सा चाखत होती का वं? तिनं कोथिंबीर निवडता निवडता, म्हणजे सांभार, मॅडमच्या नादानं मी पण पुस्तकी लिहायले लागलो, मान वर केली नाही. म्हणे, त्या कमी बोलत. मग म्हणे, पण शिकवत चांगल्या.

३० डिसेंबर, मंगळवार

तपासणीच्या आधी पंधरा दिवस सकाळची गोळी पण बंद ठेवायची होती. पयले तीन-चार दिवस जळजळ आली, मी घाबरलो, फोन केला. मॅडम म्हणे थोडे दिवस होऊ शकते, जेवण सांभाळा, जेवल्यावर चाला. मग चाललो. संध्याकाळी सहाले जेवून भारती न मी गांधीबागेपर्यंत जाऊन येतो. धुकं उतरलेलं असते, दिव्यांभोवती पिवळं पिवळं. खानावळ तेवढा वेळ गोपिकाबाई सांभाळतात, त्या भाकरी करतात आमच्याकडे. लग्नानंतर असे आम्ही कधी चाललो होतो, आठवत नाही. तेव्हा पण नसू चाललो.

ती बोलते चालताना. घरी बोलत नाही तेवढी. आज म्हणे, दगडफूल यंदा ओलं आहे, जास्त भाजावं लागते, नाही तं मागं कडू राहते जिभेवर. मी म्हटलं, तुले कसं समजलं? ती म्हणे, वासावरून. बरोबर. माझ्या संगतीनं तिचं पण नाक तयार होऊन राहिलं.

काल तपासणीले नमुना दिला. शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी डॉक्टर.

९ जानेवारी, शुक्रवार

जंतू गेला. सूज उतरली असावी, पुन्हा दुर्बिणीची गरज नाही म्हणे डॉक्टर. पण नव्या सवयी सोडायच्या नाही, उपाशी राहिलात तं दोन महिन्यांत पुन्हा इथंच दिसाल म्हणे. मी विचारलं, न रस्सा? त्यांनी मयुरा मॅडमकडे पाहिलं. मॅडमनं माझी ही वही चाळली होती. सगळी वाचली का नाही, माहीत नाही. म्हणे, आठवड्यातून एक-दोनदा, नाश्ता झाल्यावर, एक चमचा. मग भारतीकडे पाहून म्हणे, काकू, बाकीचे दिवस तुम्ही आहातच.

उद्या हातावर घेणार. मार्तंडजीले सांगून आलो, उद्या शनिवार असला तरी या.

१० जानेवारी, शनिवार

आठले नाश्ता केला. साडेदहाले खुर्ची बाजूले सारली न गंजापुढं उभा राहिलो. मार्तंडजी दारापाशी बसले होते. भारतीनं पळी दिली. डाव्या हाताची खळगी केली. उकळता रस्सा. चाटला.

कसं लिहू? आधी कांदा आला, भाजलेला, गोड. मग खसखस. मग तिखट आलं, ते धावून नाही आलं, पाहुण्यासारखं आलं, बसलं. मागून दगडफूल, कडूपणा नाही. बाबाच्या हाताले धरून बसलेला मी सात वर्षांचा पोरगा झालो. एवढा चांगला रस्सा माझ्या वेळेत कधी झाला नव्हता.

न मी काय म्हटलं? मी म्हटलं, "मूठभर तिखट पायजे." काहून म्हटलं? सवय. दुसरं काय. काहीच नको असं म्हटलं तं मग मी तिथं उभा काहून?

भारतीनं डब्यात हात घातला. मूठ गंजावर नेली. रोज मी खुर्चीत बसतो किंवा हात पुसत असतो, आज तिच्या अगदी बाजूले होतो न खिडकीतून ऊन बरोबर गंजावर पडलं होतं. वाफेत तिनं मूठ उघडली.

काही पडलं नाही. एक कण नाही. हात रिकामा होता.

तिनं पळी फिरवली. पाठ केली. मले तिचा डावा कोपर हललेला दिसला. मग ती वळली न म्हणे, झालं. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात लाल ठिपका होता. मी म्हटलं, उतरव.

मार्तंडजी पोटभर जेवले. जाताना म्हणे, रोज असंच ठेव गा.

११ जानेवारी, रविवार

राग आला होता. काल दिवसभर होता. माझ्याच घरात, माझ्याच नाकाखाली. किती वर्षं? डबा पंधरा दिवस काहून जाते ते काल समजलं. म्हणजे डबा काही बोलत नव्हता, मीच बरकत-बरकत करत फिरत होतो. पाहुण्यांले सांगत होतो! ते पण हसत असतील.

दुपारी खुर्चीत बसलो. झोप नाही, माग नाही, काही नाही. फरशीखाली शांत. मी मागं मोजत गेलो. पोटात आम्ल चढायले लागलं तसं तोंड आंबट राहायले लागलं, तोंड आंबट तं रस्सा फिका लागायचा, फिका लागला की तिखट टाक म्हणायचं. मी जेवढं म्हणत गेलो तेवढी ती रिकामी मूठ टाकत गेली. ज्या दिवशी मी स्वतः टाकलं, त्या दिवशी लोकं उठून गेली. जीभ माझी खोटं बोलत होती न तिनं मले चारचौघांत कधी खोटं पडू दिलं नाही.

तळहात भाजून घेतला न तवा म्हणे.

राग गेला तेव्हा लाज आली, न लाज गेली तेव्हा एवढंच राहिलं की ती एकटीच त्या गंजापाशी पाठ करून उभी राहायची, न मी मागं खुर्चीत.

आईच्या हाताचा पिवळा रंग पण आठवला. पण ते स्वप्न होतं.

१२ जानेवारी, सोमवार

सातले उठलो, दलिया, एक कप चहा. साडेदहाले भारतीनं गंजाचं झाकण काढलं. मी पळी तिच्या हातातून घेतली न म्हटलं, हात कर. ती म्हणे, काय? मी म्हटलं, डावा हात कर वं.

तिनं दाराकडे पाहिलं. दोन गिऱ्हाईकं येऊन बसली होती, गोपिकाबाई पोळपाटावर हात ठेवून पाहून राहिल्या होत्या. मी म्हटलं, पाहू दे. तिनं हात पुढं केला. खळगी कशी करायची ते सांगायले मी तोंड उघडलं होतं, पण ती झालीच होती, माझ्यापेक्षा चांगली. पळीनं रस्सा घातला. बाबानं माझ्या हातावर घातला होता तसा. तिनं फुंकर मारली नाही.

पाठ केली नाही. सगळ्यांसमोर चाटला, डोळे मिटून. बराच वेळ लावला. मले वाटलं रडते का काय, पण नाही, ती चव घेत होती.

म्हणे, "मीठ पायजे थोडं."

मी डबा पुढं धरला. तिनं मूठ गंजावर नेली न उघडली. मीठ पडताना दिसलं मले, पांढरं, वाफेतून खाली. पळी फिरवली, पुन्हा हातावर घेतला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "उतरवा."

मी दोन्ही हातात फडकी घेतली न गंज उतरवला.

आजचं खाणं: दलिया, चहा. अकराले केळं. एकले भाकरी, लवकी. साडेसहाले खिचडी. रस्सा चाखला: भारतीनं. जळजळ: नाही.